चाळीस पावलांचा महामार्ग

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या पाळणाघराची खिडकी दिसते. इतकी स्पष्ट, की मावशींनी कुणाला भरवलं आणि कुणी ते थुंकून टाकलं, हेसुद्धा मला ओट्याशी उभ्या उभ्या कळतं. मधे फक्त रस्ता. चाळीस पावलं. ठकी पोटात असताना मी ती रोज मोजायची आणि मनात म्हणायची, बाई गं, नशीब काढलंस! रजा संपली की इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं आणि कोपऱ्यावरून नऊ दहाची कंपनीची बस पकडायची.

ठकी दोन महिन्यांची झाली आणि रस्त्याच्या मधोमध माणसाच्या उंचीचे निळे पत्रे लागले, दोन रांगांत. पत्र्यांच्या आत खड्डा, खड्ड्याशेजारी खडी, खडीवर रोलर आणि रोलरच्या सावलीत झोपलेला ड्रायव्हर, असा आमचा महामार्ग. रुंदीकरण चालू आहे म्हणतात. ओलांडायचं तर डावीकडे अडीच किलोमीटरवर एक फट आहे. तिथून पलीकडे जायचं आणि अडीच किलोमीटर परत यायचं. म्हणजे चाळीस पावलांचे पाच किलोमीटर झाले. रुंदीकरण म्हणतात ते हेच असावं.

मी औषधांच्या बाटल्यांची लेबलं तपासते. आमच्या छापखान्यात एका टेबलाशी बसून, उजवीकडे मूळ कागद आणि डावीकडे छापलेलं लेबल ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवायचं. मुख्य म्हणजे तारखा. बनवल्याची आणि मुदत संपल्याची. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर अख्खा लॉट रद्दीत. मला ठकी आवडते आणि मला लेबलंही आवडतात. पण हे मोठ्यानं म्हटलं की लोक आधी ठकीकडे दयेनं बघतात. पंधरा जूनला, सोमवारी, मी कामावर हजर व्हायचं होतं. नाही झाले तर माझं टेबल दुसऱ्याला जाणार होतं. नवरा पहाटे साडेसहाच्या गाडीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. त्यामुळे प्रश्न माझा, ठकीचा आणि पत्र्यांचा होता.

पाळणाघरात एकच जागा उरली होती. मावशी फोन उचलत नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांत कायम कुणीतरी असतं. म्हणून आमची खूण ठरली होती. त्यांच्या खिडकीत पिवळा टॉवेल लटकतोय तोवर जागा ठकीची. टॉवेल काढला की गेली. मे महिनाभर मी उठल्या उठल्या आधी तो टॉवेल बघत होते आणि मग दूध तापवत होते.

मी घरात उपाय विचारला. नवऱ्यानं रात्रभर विचार करून दोरी, कप्पी आणि मोठी वेताची टोपली असा आराखडा काढला.

"आपल्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत. सरळ रेषा. ठकी चाळीस सेकंदांत पोचेल," तो म्हणाला.

"आधी तू बस," मी म्हटलं.

वरच्या वहिनींनी पलीकडे भाड्यानं घर घेण्याचा सल्ला दिला. "रस्ता होईपर्यंत गं." मी म्हटलं, तोवर ठकी स्वतःच पलीकडे सासरी जाईल. त्यावर त्या म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला की!" आणि निघून गेल्या.

शेवटी मी खालच्या काकांकडे गेले. तळमजल्यावर राहणारे हे काका जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. अर्ज हा त्यांचा जीव की प्राण. मी दारात उभी राहून "काका, एक अर्ज…" एवढंच म्हणाले, तर त्यांनी चष्मा बदलला, टेबलावरची ताटली उचलायला लावली आणि "विषय बोल," म्हणाले. विषय होता, 'पत्र्यांत बाबागाडी जाईल एवढी फट ठेवणेबाबत'. काकांनी त्यात 'सविनय' तीन वेळा आणि 'सहानुभूतिपूर्वक' दोन वेळा घातलं. पत्ता म्हणून 'पाळणाघरासमोर' लिहिलं. इथे सगळेच पत्ता असा सांगतात. तो पुढे मला एवढा उपयोगी पडेल हे काकांनाही माहीत नव्हतं.

रस्त्याचं ऑफिस म्हणजे कडेला ठेवलेला एक लोखंडी कंटेनर. आत एक कारकून, एक पंखा आणि त्या पंख्यासाठी कागदांवर ठेवलेले सतरा दगड. कारकुनानं अर्ज वाचला, दगडाखाली ठेवला आणि म्हणाला, "फट अशी देता येत नाही. आधी वर्दळीची पाहणी होते."

पाहणी खरंच झाली. दोन माणसं खुर्च्या आणि छत्री घेऊन आली आणि पत्र्यांच्या आत, बरोबर आमच्या घरासमोर, दहा ते पाच बसली. बिचारी उन्हात होती. नवऱ्यानं हौसेनं आणलेली टोपली एव्हाना रिकामीच पडली होती. मी खाली उतरले, चहाचा थर्मास तिच्यात घातला आणि पत्र्यावरून दोरीनं आत सोडला. त्यांनीही कृतज्ञतेनं तो रिकामा करून परत पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला.

'सदर ठिकाणी दिवसभरात एकही पादचारी रस्ता ओलांडताना आढळला नाही. सबब फटीची गरज दिसून येत नाही.'

मी कंटेनर गाठला. "अहो, पत्रे आहेत म्हणून नाही ओलांडत कुणी!"

"ते बरोबर आहे," कारकून शांतपणे म्हणाला. "पण या फॉर्मात पत्र्यांचा रकाना नाही."

मग मी ठरवलं, की आपण पाच किलोमीटरच चालू. मानी माणसासारखं. एका सकाळी ठकीला बाबागाडीत घातलं, टोपडं बांधलं, घड्याळ लावलं आणि निघाले. पहिला किलोमीटर आम्ही गाणी म्हटली. दुसऱ्यात खडी लागली. खडीवर बाबागाडी पुढे ढकलली तर ती बाजूला जाते, बाजूला ढकलली तर थांबते, आणि ओढली तर पुढचं उजवं चाक तिला सोडून स्वतंत्रपणे महामार्गाला लागतं. चाक घरंगळत एका डंपरखाली गेलं. ठकी आनंदानं टाळ्या वाजवत होती. मी एका हातानं बाबागाडी आणि दुसऱ्या हातानं उरलेली इज्जत सावरत उभी. मागून एका बसमधून कुणीतरी म्हणालं, "ताई, उशीर होणार असं दिसतंय," आणि सगळी बस हसली.

तेवढ्यात खडी टाकणारी एक बाई डंपरखाली वाकली, चाक काढलं, कमरेची तार दातांत धरून तोडली आणि ते असं आवळून बांधलं की आजतागायत निघालेलं नाही. वर ठकीच्या गालाला हात लावून म्हणाली, "बाई, हिला कडेवर घ्या आणि गाडीत दगड भरा. हलकी गाडी उडते." मी तिला काही म्हणायच्या आत ती घमेलं घेऊन गेलीसुद्धा. पाळणाघरापाशी पोचायला एक तास पस्तीस मिनिटं लागली. नऊ दहाची बस तोवर आमच्या बाजूनं कधीच निघून गेली असणार. मावशी दारात आल्या. मला बघून त्यांनी ठकीच्या आधी मलाच पाणी दिलं.

"टॉवेल आहे गं," त्या म्हणाल्या. "पण मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई रोज विचारतात. मी तरी किती धरून ठेवू?"

आता तारखेकडे येते.

आमच्या दारासमोर पत्र्यांना टेकून एक मोठा बोर्ड आहे. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. काम पूर्ण होण्याची तारीख', आणि खाली तारीख. पत्रे नंतर आले, बोर्ड त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तिथे ३१ डिसेंबर होती. ठकीची चाहूल लागली तेव्हा ३१ मार्च. सातव्या महिन्यात ३१ ऑगस्ट. अख्ख्या कामात वेळच्या वेळी येणारा माणूस एकच, तो म्हणजे ही तारीख रंगवणारा पेंटर. सायकलला शिडी, हँडलला डबा. मुदत संपायच्या आधी आठवडाभर यायचा, जुन्या महिन्यावर पांढरा हात मारायचा, वाळेपर्यंत आमच्या फाटकापाशी विडी न ओढता नुसता बसायचा आणि मग सुंदर अक्षरात नवा महिना काढायचा. इतके थर बसलेत की महिन्याची जागा बोर्डातून बोटभर वर आली आहे. आंधळ्यालाही हात फिरवून कळेल की उशीर कुठे झालाय. लोक त्याला तारीखवाले म्हणत. मी पेंटरदादा म्हणायची. शेवटी आम्ही एकाच धंद्यातले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी खिडकीत ठकीला घेऊन बसले होते. पेंटरदादा शिडीवर होते. '३१' तसेच ठेवून त्यांनी 'मे' पुसला होता आणि त्या जागी 'जून' काढत होते. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं. सहा वर्षं लेबलं तपासलेल्या बाईच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"थांबा!"

मी इतक्या जोरात ओरडले की ठकी रडायला लागली, शिडी हलली, डबा सुटला आणि पिवळ्या रंगाचा एक लांब ओघळ खालच्या काकांच्या पांढऱ्या स्कूटरवरून सरळ हँडलपर्यंत गेला.

मी खाली धावले. "दादा, जूनला एकतीस तारीख नसते!"

"माहीत आहे ताई," शिडीवरून उतरत ते म्हणाले. "मी विचारलं होतं. म्हणाले, कागदावर आहे तेच काढायचं."

 आमच्याकडेही हाच नियम. मूळ कागद म्हणेल ते खरं. पण आमच्याकडे मूळ कागदात चूक दिसली तर हात वर करायचा, असाही एक नियम आहे. मी तो केला. तिथेच चुकलं.

काका ओली स्कूटर बघायला बाहेर आले होते. त्यांनी आधी स्कूटर बघितली, मग बोर्ड बघितला आणि स्कूटर विसरले.

"एकतीस जून?" त्यांचा आवाज कापायला लागला. "अगं, माझ्या सबंध नोकरीत या तारखेला एकही माणूस जन्मला नाही की मेला नाही! बस. अर्ज लिहू."

माझ्या मनात एवढंच होतं, की या निमित्तानं कुणीतरी मोठा साहेब येईल आणि त्याला फटीबद्दल सांगता येईल. फटीच्या अर्जाला पाहणी लागली, पण तारखेच्या अर्जानं दोन दिवसांत जीप आली. साहेब नव्हतेच; दोन माणसांनी बोर्डाचा फोटो काढला आणि जीप निघून गेली. रस्ता वर्षानुवर्षं न होणं ही त्यांच्या लेखी नेहमीची गोष्ट. पण अस्तित्वातच नसलेली तारीख कागदावर असणं हा भूकंप होता. कारण मुदतवाढीच्या आदेशातही ३१ जूनच होती. म्हणजे कंत्राटदाराची मुदत अशा दिवशी संपणार होती जो उगवणारच नव्हता. कागदोपत्री या कामाला उशीर होणंच शक्य नव्हतं. काका म्हणाले, इतकं निर्दोष काम त्यांनी सरकारी नोकरीत कधी पाहिलं नाही.

वरून हुकूम आला. आदेशाचा अर्थ लागेपर्यंत काम थांबवा. एक जूनला रोलर थांबला. तो आधीही थांबलेलाच असायचा. पण आता अधिकृतपणे थांबला. खडीवाल्या बायका घमेली उपडी घालून त्यांच्यावर बसून राहिल्या. आणि आमच्या वस्तीत माझं नाव झालं.

"तुम्हीच ना त्या, ज्यांनी हायवे बंद पाडला?" किराणावाल्यानं मला साखर देताना विचारलं, आणि साखर मोजून झाल्यावर पुन्हा एकदा निरखून बघितलं.

"होत आला होता बरं का रस्ता," वरच्या वहिनी जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या. "हिनंच मधे तोंड घातलं."

नवरा घरी येऊन म्हणाला, "आमच्या गाडीत सगळे त्या बाईला शिव्या घालत होते. मीपण घातल्या थोड्या. नाहीतर संशय आला असता."

 ज्या बाईनं माझं चाक बांधून दिलं तिचंच काम मी बंद पाडलं होतं. फट राहिली बाजूला. मला ओट्याशी उभं राहून बाहेर बघवेना. टॉवेल तेवढा बघायची.

आठ जूनला पेंटरदादा दारात आले. शिडी नाही, डबा नाही. हातात एक गंजलेली बिस्किटांची पेटी.

"ताई, माझ्या नावानं कागद निघालाय. पेंटरनं परस्पर तारीख बदलली, असं लिहिलंय. शुक्रवारी पाचला फाइल वर जाणार. मग मला या रस्त्यावर काम नाही. कुठल्याच रस्त्यावर नाही."

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं.  मी ओरडले नसते तर हा माणूस सुखानं महिन्याभरानं पुन्हा शिडी लावायला आला असता.

"पण तुम्हाला कुणीतरी लिहून दिलं असेल ना?"

त्यांनी पेटी उघडली. आत चिठ्ठ्या. पहिल्या डिसेंबरपासूनच्या, एकेक तारखेची एकेक, घडी घालून, प्रत्येकीवर साहेबांची सही. प्रत्येकीवर '३१' तेच. फक्त महिना खोडून नवा लिहिलेला.

"तिकडे असं आहे ताई," पेंटरदादा म्हणाले. "आकडा बदलला तर नवा प्रस्ताव करावा लागतो. नुसता महिना बदलला तर जुन्याच कागदावर खाडाखोड करून भागतं. म्हणून एकतीस कायम. आजवर महिनेही तसे निघाले, बाधलं नाही. यंदा नेमका जून आला."

त्यांनी एवढ्या चिठ्ठ्या का जपून ठेवल्या, असं मी विचारलं.

"आपण जे लिहिलं ते आपल्या मनचं नव्हतं, एवढं तरी हाताशी असावं."

मी त्या क्षणी ठरवलं, की माझी नोकरी जाईल तर जाईल, यांची जाता कामा नये. कंटेनरमध्ये फोन करून मला जबाब द्यायचाय म्हटलं. कारकून म्हणाला, जबाब साहेबांच्या समक्षच घ्यावा लागेल, साहेब शुक्रवारी येतील. त्याच दुपारी मावशींनी खिडकीतून टॉवेलकडे बोट दाखवलं, कानांना डॉक्टरची नळी लावल्याची खूण केली, सोमवारपासून वार मोजत पाच बोटं दाखवली आणि मग हवेत घड्याळ काढून सहा. शुक्रवार सहा. डॉक्टरीणबाईंना त्या तेव्हा उत्तर देणार होत्या. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. दोघींनाही वाईट वाटलं आणि मधून एक ट्रक गेला.

शुक्रवारी आम्ही दुपारपासून तयार. काकांनी माझा जबाब लिहून आणला होता. अकरा पानं, त्यात प्रस्तावना. पेंटरदादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर. मी दर दोन मिनिटांनी खिडकीत. चार वाजून पंचवीस मिनिटांनी जीप आली आणि थांबली ती पाळणाघराच्या दारात. अर्जावर 'पाळणाघरासमोर' वाचून ड्रायव्हरनं ती बरोबर पाळणाघरासमोर लावली होती.

साहेब उतरले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम, बगलेत फाइल. मावशींनी आमच्या खिडकीकडे बोट केलं.

"अहो बाई!" साहेब पत्र्यांपलीकडून ओरडले. "या इकडे, जबाब घ्यायचाय!"

"तिकडे यायला पाच किलोमीटर पडतात, साहेब!"

"कोण म्हणतं?"

"तुमचे पत्रे! फट नको म्हणणारा अहवालही तुमचाच!"

साहेबांनी डावीकडे पाहिलं. गाड्यांची रांग क्षितिजापर्यंत होती. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "साहेब, वळून जायला तास जाईल. पाचला फाइल वर पाठवायचीय."

"चालत?"

"चालत दीड तास!" मी वरून सांगितलं. "चाक निघालं तर जास्त!"

साहेब पत्र्यांसमोर उभे राहिले. मला वाटतं, तोवर त्यांनी ते पत्रे फक्त नकाशावर पाहिले होते. दोन रेषा असतात तिथे. मग त्यांनी हाक मारली. "मुकादम!"

रोलरच्या सावलीतून मुकादम उठला, चार माणसं उठली, घमेल्यावर बसलेल्या बायका उठल्या. बारा दिवसांनी हाताला काम मिळाल्यासारखे सगळे धावले. पलीकडच्या रांगेतला एक पत्रा निघाला, अलीकडचा एक निघाला. खड्ड्यावर दोन जाड फळ्या पडल्या. माझ्या चाकवाल्या बाईनं रस्त्यात उभं राहून घमेलं आडवं धरलं आणि गाड्या थांबवल्या. साहेबांनी पँट घोट्यापर्यंत वर घेतली, फाइल डोक्यावर धरली आणि निघाले. ओठ हलत होते. आमच्या फाटकाशी पोचून थांबले.

"बेचाळीस," ते म्हणाले.

"माझी चाळीस होतात," मी म्हटलं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या होत्या. साहेब वाकून एकेक वाचत गेले. शेवटची, जूनची, त्यांना मिळेना, कारण ती ठकीच्या तोंडात होती. त्यांनी एक बोट घालून हलकेच सोडवली, रुमालानं टिपली आणि बघितली. सही त्यांचीच होती. थोडी ओली, पण स्वच्छ.

 काकांनी अकरा पानं पुढे सरकवली. साहेबांनी ती नम्रपणे बाजूला ठेवली, पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या. चूक कार्यालयाची. पेंटरने चिठ्ठीप्रमाणेच लिहिले. मुदत ३० जून वाचावी.

"तपासा," असं म्हणून त्यांनी कागद मला दिला.

मी उजवीकडे कॅलेंडर ठेवून तपासला. दोनदा. मग सही केली. पेंटरदादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. ते परत वळायला जरा वेळ गेला. साहेब त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं मला. मीच लक्ष दिलं नाही." एवढंच. मला वाटतं, एवढं म्हणायला बेचाळीस पावलांपेक्षा जास्त चालावं लागतं.

जाता जाता ते दारात थांबले. "बाई, तुमचं मूळ काम काय होतं? फाइलला खाली आणखी एक अर्ज लागलाय."

खरं सांगते, मी विसरले होते. मी नुसतं खिडकीकडे बोट केलं. पाच वाजायला दहा कमी. समोर पिवळा टॉवेल होता आणि टॉवेलाखाली मावशी दोन पोरं काखेत घेऊन आमच्याकडेच बघत उभ्या होत्या.

साहेबांनी टॉवेल पाहिला, ठकीला पाहिलं, फळ्या पाहिल्या. खाली उतरले आणि आले तसे फळ्यांवरून पलीकडे गेले. मुकादम हातोडा घेऊन पत्र्यापाशी तयारच होता.

"बंद करू, साहेब?"

"बंद करायचा आदेश आहे?"

"नाही. पण उघडायचाही नव्हता."

"मग आदेश येईपर्यंत आहे तसं राहू द्या. आणि कठडे लावा दोन्ही बाजूंना. लहान मूल जाणार आहे."

जीप निघून गेली. काका माझ्या खांद्यामागून हळूच म्हणाले, "आता हे बंद करायचं तर पाहणी करावी लागेल. वर्दळीची." त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी स्कूटर नवी असतानाही पाहिलं नव्हतं.

मी ठकीला कडेवर घेतलं आणि फळ्यांवर पाय ठेवला. कठडे अजून लागायचे होते. चाकवाली बाई माझा दंड धरून सोबत चालली. मावशी दारात होत्या. त्यांनी टॉवेल काढला.  मग त्यांनी तो ठकीच्या अंगाभोवती गुंडाळला. "हिचाच आहे आता. ने घरी, सोमवारी परत आण, हिच्याबरोबर."

शनिवारी पेंटरदादा शिडी घेऊन आले. प्रत्येक तात्पुरत्या वाटेला बोर्ड हवा आणि प्रत्येक बोर्डाला मुदतीची तारीख हवी, असा नियम निघाला.  फटीची मुदत संपली की पुन्हा पाच किलोमीटर. मी बाबागाडी घेऊन खाली उभी राहिले. त्यांनी अगदी सावकाश, त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं:

'तात्पुरता पादचारी मार्ग. दि. ३१ जूनपर्यंत.'

मी वर बघतच राहिले.

"दादा…"

ते उतरले आणि खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तारीख साहेबांच्या अक्षरात होती. खाली सही, ठसठशीत. कुठेही खाडाखोड नव्हती. या वेळी आकडा आणि महिना दोन्ही नव्यानं लिहिलेले होते.

"तपासा, ताई," पेंटरदादा म्हणाले. चेहरा अगदी गंभीर.

मी चिठ्ठी उजवीकडे धरली, बोर्ड डावीकडे. अक्षर न् अक्षर जुळवलं. सहा वर्षांत मी एकही चुकीची तारीख पुढे जाऊ दिलेली नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. काम परत सुरू झालं. कंपनीत माझं टेबल माझंच राहिलं. रोज नऊला पाच कमी असताना आम्ही दोघी निघतो. रोलरचा ड्रायव्हर ठकीला हात करतो, चाकवाली बाई तिच्या टोपड्याची गाठ परत बांधते, कारण माझी तिला पसंत नाही. पूर्वी हा रस्ता सरळ होता तेव्हा मी यांतल्या कुणालाच ओळखत नव्हते. चाळीस पावलांत ओळखायला वेळ कुठे असतो? वरच्या वहिनी आता याच वाटेनं भाजी आणतात आणि ही फट कुणाच्या खटपटीमुळे झाली ते जिन्यात सांगतात. त्यांच्या सांगण्यात ती खटपट त्यांचीच असते.

मोठ्या बोर्डावरची तारीख त्यानंतर दोनदा बदलली. पेंटरदादा शिडी लावतात, आमच्याकडे चहा घेतात, महिना पुसतात. आमच्या छोट्या बोर्डाला मात्र त्यांना कधी हात लावावा लागत नाही. सबंध महामार्गावर अजून मुदतीत असलेलं तेवढं एकच काम आहे.